पॉडकास्ट ध्वनिसंपादन

पॉडकास्ट ध्वनिसंपादन म्हणजे मुद्रित केलेले संभाषण किंवा निवेदन श्रोत्यांपर्यंत पोहोचवण्यापूर्वी त्यावर केली जाणारी संस्कारप्रक्रिया होय. अनावश्यक मजकूर गाळणे, भागांचा क्रम लावणे, गोंगाट कमी करणे, आवाजांची पातळी समान करणे आणि योग्य स्वरूपात फाइल तयार करणे ही तिची प्रमुख अंगे आहेत.

इतिहास

संगणकापूर्वी नभोवाणी केंद्रांवर चुंबकीय फितीचे संपादन हाताने होत असे. सेकंदाला सुमारे ३८ सेंटिमीटर वेगाने फिरणारी फीत ब्लेडने तिरकी कापून चिकटपट्टीने जोडली जाई. एकदा दिलेला काप पूर्ववत करणे जिकिरीचे असे. अंकीय संपादनामुळे ही अडचण दूर झाली. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनी सुरू केलेली ऑडॅसिटी ही मुक्त संगणकप्रणाली २००० साली प्रसिद्ध झाली. तिच्यामुळे हे काम विनामूल्य करणे शक्य झाले. 'पॉडकास्ट' हा शब्द बेन हॅमरस्ली यांनी २००४ मध्ये 'द गार्डियन' या वृत्तपत्रातील लेखात वापरला.

मुद्रणकाळातील दक्षता

संपादनाचे श्रम बहुतांशी मुद्रणाच्या दर्जावर अवलंबून असतात. प्रत्येक वक्त्यासाठी स्वतंत्र मायक्रोफोन व स्वतंत्र मार्गिका असल्यास एकाचा खोकला दुसऱ्याच्या वाक्याला धक्का न लावता काढता येतो. वक्ते वेगवेगळ्या ठिकाणी असल्यास प्रत्येकाने आपल्याकडेच मुद्रण करावे आणि आरंभी एक टाळी वाजवावी. तिच्या टोकदार तरंगावरून मार्गिका जुळवणे सोपे जाते. खोलीतील काही सेकंदांची निव्वळ शांतताही मुद्रित केली जाते. कापलेल्या जागी ही शांतता भरल्यास जोड कानाला जाणवत नाही. पडदे, गाद्या, पुस्तकांची कपाटे यांमुळे प्रतिध्वनी कमी होतो. तो नंतर काढणे पंख्याची एकसुरी घरघर काढण्यापेक्षा कठीण असते.

संपादनाचे टप्पे

* आशयसंपादन : प्रथम संपूर्ण मुद्रण ऐकून पुनरुक्ती व विषयांतर वगळले जाते. जो भाग गाळायचाच आहे त्याची सफाई करण्यात वेळ जाऊ नये, म्हणून हा टप्पा आधी येतो.
* सूक्ष्म संपादन : अडखळणे व लांबलेले विराम कमी केले जातात. श्वास सरसकट काढल्यास बोलणे कृत्रिम वाटते.
* ध्वनिशुद्धी : सुमारे ८० हर्ट्झखालील घुमारा गाळला जातो. प, फ, भ या वर्णांबरोबर मायक्रोफोनवर आदळणारा हवेचा झोत आणि स, श यांचा तीक्ष्ण सूर सौम्य केला जातो. गोंगाटनिवारण अतिरिक्त झाल्यास आवाज पाण्याखालून आल्यासारखा भासतो.
* पातळीनियंत्रण : संपीडनाने मोठ्या व हळू आवाजांतील अंतर कमी होते. अ‍ॅपल पॉडकास्ट्सच्या शिफारशीनुसार एकूण पातळी सुमारे उणे १६ एलकेएफएस असावी व कमाल शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ नये. युरोपीय प्रसारणात उणे २३ हे प्रमाण रूढ आहे.

काम वेगाने व्हावे म्हणून आरंभ, संगीत व परिणामांची मांडणी केलेला साचा जतन केला जातो. मूळ मुद्रणाची प्रत मात्र अस्पर्शित ठेवली जाते.

मजकुराधारित संपादन

डिस्क्रिप्टसारख्या प्रणाली बोलण्याचे लिप्यंकन करतात. मजकुरातील शब्द खोडला की ध्वनीतील तेवढा भागही वगळला जातो. दीर्घ मुलाखतींत यामुळे बराच वेळ वाचतो. तथापि बोलीभाषेतील उच्चार, विशेषनामे आणि मराठी-इंग्रजी मिश्र वाक्ये यांत लिप्यंकनाच्या चुका संभवतात. त्यामुळे अंतिम निर्णय कानानेच घ्यावा लागतो.

नैतिक बाजू

संपादनाने वक्त्याच्या म्हणण्याचा अर्थ बदलू शकतो. एका प्रश्नाला दिलेले 'होय' दुसऱ्या प्रश्नापुढे जोडणे, किंवा 'पण' नंतरचे उपवाक्य गाळणे, ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. विचारपूर्वक घेतलेला दीर्घ विराम काढल्यास संकोचाने दिलेले उत्तर ठाम वाटू लागते. आवाजाची कृत्रिम प्रतिकृती तयार करणाऱ्या साधनांमुळे न उच्चारलेले शब्दही वक्त्याच्या तोंडी घालता येतात. म्हणून वक्त्याची संमती घेणे आणि मूळ मुद्रण जपून ठेवणे आवश्यक ठरते. वाद उद्भवल्यास खरे काय बोलले गेले, याचा पुरावा त्या मुद्रणातच असतो.

हे सुद्धा पहा

* पॉडकास्ट
* ध्वनिमुद्रण
* नभोवाणी