निर्णयाचे वेगळे बिऱ्हाड

२२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ मोडीत निघाले. तूप १२ वरून ५ टक्क्यांवर आले, मोठ्या पडद्याचा टीव्ही २८ वरून १८ वर. बिल करण्याची रीत मात्र तीच राहिली: माल नोंदवायचा, कर लावायचा, पैसे घ्यायचे, पावती द्यायची. दर तक्त्यात असतील तर अशा वेळी आकडे बदलून भागते. प्रोग्रॅममध्ये जागोजागी पेरलेले असतील तर शोधाशोध आली. कामाची रीत सावकाश बदलते, नियम भराभर. म्हणून दोघांची बिऱ्हाडे वेगळी हवीत. आज हे उघड वाटते, पण रुळायला अर्धे शतक लागले.

याचे मूळ १९५० च्या दशकाअखेरीस अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये सापडते. तिथे ‘अशी अट असेल तर असे करा’ हे तक्त्यात मांडण्याची पद्धत, म्हणजे डिसिजन टेबल, आकाराला आली. नियम वेगळे ठेवण्याच्या या विचाराची खरी कसोटी लागली ती डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीत. ग्राहकाने मागवलेल्या व्हॅक्स संगणकाला कोणती केबल, कोणते कपाट, कोणता जोडभाग लागेल हे ठरवणारा प्रोग्रॅम फोरट्रान आणि बेसिक या संगणकभाषांत लिहून पाहिला, जमला नाही. मग कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जॉन मॅकडरमॉट यांनी हे ज्ञान सुट्या नियमांत मांडले. ‘एक्सकॉन’ नावाची ही प्रणाली १९८० मध्ये कामाला लागली. नवा भाग बाजारात आला की त्याचे नियम घालायचे. नियम लागू करणारे इंजिन तेच.

यावर आक्षेप असा, की सुटे नियम म्हणजे नवे जंगल. तो खराच आहे. १९८० च्या दशकातच एक्सकॉनचे नियम सहा हजारांवर गेले, त्यांतले निम्म्याच्या आसपास दरवर्षी बदलत, आणि कोणता नियम आधी लागावा हेही नियमांतच गुंतत गेले. पण दोष वेगळे काढण्याचा नव्हता. क्रमही नियमांच्याच गळ्यात बांधल्याचा होता. क्रम हे प्रक्रियेचे काम. दुसरा आक्षेप: चांगला प्रोग्रॅमर कोडही नीटनेटका ठेवतोच की. ठेवतो, पण कर्ज कोणाला द्यायचे हे ठरवणाऱ्या बँक अधिकाऱ्याला तो कोड वाचता येत नाही, तक्ता येतो. चूक सापडण्याची शक्यता तिथेच वाढते.

प्रक्रिया आणि नियमांची ही वाटणी पुढे मानकांतही उतरली. २००४ मध्ये प्रक्रियेचे नकाशे काढण्याची बीपीएमएन ही चिन्हलिपी आली. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘इथे नियमांना विचारा’ असे सांगणारी खास चौकट तिला मिळाली. २०१५ मध्ये निर्णयांसाठी डीएमएन हे स्वतंत्र मानक आले. पण बदल सहज पेलण्याची लवचीकता नुसत्या वाटणीने येत नाही. प्रक्रियेने नेमके कुठे थांबून काय विचारायचे आणि नियमांनी काय उत्तर द्यायचे, हा करार पक्का असेल तरच येते.