गागारीन, यूरी अलेक्सेयेविच : चरित्रातील मतभेद व त्यांची पडताळणी
गागारीन, यूरी अलेक्सेयेविच : (९ मार्च १९३४–२७ मार्च १९६८). सोव्हिएत वैमानिक व अवकाशातून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले मानव. जन्म स्मोलेन्स्क परिसरातील ग्झात्स्कजवळच्या क्लुशिनो गावी, सामुदायिक शेतीवर राबणाऱ्या कुटुंबात. वडील सुतारकाम करीत. ल्युबेर्त्सी येथे ओतकामाचे शिक्षण, साराटव्ह येथील तंत्रशाळा व वैमानिक क्लब आणि ओरेनबुर्ग येथील लष्करी वैमानिक विद्यालय असा त्यांचा प्रवास झाला. १९६० मध्ये अंतराळवीरांच्या पहिल्या वीसजणांच्या तुकडीत त्यांची निवड झाली. १२ एप्रिल १९६१ रोजी मॉस्कोवेळेनुसार सकाळी ९:०७ वाजता ‘व्होस्टॉक–१’ यानातून त्यांनी उड्डाण केले.

या चरित्राविषयीचे बहुतेक मतभेद सोव्हिएत गुप्ततेतून उद्‌भवले. म्हणून कोणतेही विधान तपासताना ते उड्डाणानंतर लगेच नोंदलेले आहे, प्रचारासाठी जाहीर केलेले आहे की पुढे ऐकीव माहितीवरून आलेले आहे, हे आधी पाहावे लागते.

उड्डाणस्थळ : अधिकृत निवेदनात ‘बायकोनूर’ हे नाव आले. प्रत्यक्ष तळ कझाकस्तानातील त्युराताम रेल्वेस्थानकाजवळ होता. त्या नावाचे मूळ गाव तेथून सुमारे ३२० किमी. दूर आहे. तळाचे ठिकाण लपविण्यासाठी घेतलेले हे नाव पुढे तळालाच कायमचे चिकटले.

अवतरण : गागारीन यानासह जमिनीवर उतरले, असे सोव्हिएत अधिकाऱ्यांनी सांगितले. विक्रमाच्या तत्कालीन आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वैमानिकाने यानातच उतरणे आवश्यक होते. वस्तुतः सुमारे ७ किमी. उंचीवर ते आसनासह यानाच्या गोलकाबाहेर फेकले गेले व स्वतंत्र हवाई छत्रीने व्होल्गाकाठच्या एंगेल्स शहराजवळ उतरले. व्होस्टॉक यानाची रचनाच तशी होती. त्यामुळे खोटे ठरते ते निवेदन. प्रदक्षिणेला त्याने बाध येत नाही.

परतीतील अडचण : उड्डाण निर्विघ्न पार पडल्याचे जाहीर झाले होते. दुसऱ्याच दिवशी गागारीन यांनी शासकीय आयोगापुढे दिलेला अहवाल मात्र अनेक वर्षे गोपनीय राहिला. गतिरोधक इंजिन बंद झाल्यावर यंत्रकक्ष वेळेवर सुटला नाही आणि यान गरगरत राहिले, असे त्यात नमूद आहे. सुमारे दहा मिनिटांनी कक्ष अलग झाला. स्वतः अनुभवलेल्या व ताज्या स्मृतीतून सांगितलेल्या या वृत्तांताला १९६१ च्या निवेदनांपेक्षा अधिक वजन द्यावे लागते.

कालावधी : १०८ मिनिटे ही रूढ संख्या आहे. खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून रशियन अभ्यासकांनी १०६ मिनिटे अशी दुरुस्ती सुचविली. गोलक व गागारीन वेगवेगळ्या क्षणी टेकले. म्हणून कालावधी देताना कोणता क्षण शेवटचा मानला, हे सांगणे आवश्यक ठरते.

आरोपित उद्‌गार व अफवा : ‘वर देव दिसला नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडी घातले जाते, उड्डाणातील संभाषणाच्या नोंदींत ते नाही. व्लादिमिर इल्युशिन हे वैमानिक त्यांच्याआधी अवकाशात जाऊन आल्याची अफवाही तेव्हा पसरली. इल्युशिन मोटार अपघातातील दुखापतींवर उपचार घेत होते. त्यांच्या उड्डाणाचा विश्वसनीय पुरावा आढळत नाही.

मृत्यू : २७ मार्च १९६८ रोजी किर्झाचजवळ मिग–१५ प्रशिक्षण विमान कोसळून गागारीन व त्यांच्यासोबतचे वैमानिक व्लादिमिर सेर्योगिन यांचा अंत झाला. २०११ मध्ये खुल्या झालेल्या निष्कर्षानुसार, बहुधा हवामान फुगा टाळण्यासाठी विमान अचानक वळविले गेले असावे. अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह यांच्या मते जवळून गेलेल्या सुखोई विमानाच्या झोताने ते गिरकीत सापडले. पहिला निष्कर्ष संभाव्यतेच्या भाषेत आहे आणि दुसरे मत एका जाणकाराचे आहे. म्हणून यांपैकी कोणतेही कारण निर्विवाद म्हणून नोंदवू नये.

या पडताळणीत जाहीर वृत्तांतातील अनेक तपशील बदलतात. अवकाशात जाऊन सुखरूप परतलेले पहिले मानव हे गागारीन यांचे स्थान मात्र अबाधित राहते.