घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचे प्रकार: दमा आणि धुळीची ॲलर्जी असलेल्या घरांसाठी

दसऱ्याच्या आधी घराघरांत जळमटे काढायला सुरुवात झाली की बोईसरच्या माझ्या दवाखान्यात शिंका आणि धाप लागण्याच्या तक्रारी वाढतात. अलीकडे त्यासोबत एक प्रश्नही हमखास येतो: "डॉक्टर, व्हॅक्यूम क्लीनर घेतला तर दमा जाईल का?"

एका आईने हा प्रश्न न विचारताच यंत्र घेतले होते, तेही हप्त्यांवर. विक्रेत्याने घरी येऊन गादीवर यंत्र फिरवले आणि काळ्या कापडावर जमलेली पांढरी भुकटी दाखवली. "आता मुलाचा पंप हळूहळू बंद होईल," असेही तो म्हणाला. तिने पंप लगेचच बंद केला. तीन आठवड्यांनी त्या नऊ वर्षांच्या मुलाला रात्री धाप लागलेल्या अवस्थेत आणावे लागले. यंत्र वाईट नव्हते. पण कोणतेही यंत्र इन्हेलरची जागा घेऊ शकत नाही, आणि तशी भुकटी कोणाच्याही गादीतून निघते, तुमच्या आणि माझ्याही.

त्या भुकटीत काय असते?

आपल्या त्वचेचे गळालेले कण, कापसाचे तंतू, बुरशी आणि धूळकिडे म्हणजे डस्ट माइट. हा किडा सुमारे 0.2 ते 0.3 मिलिमीटरचा असतो, चावत नाही. त्रास होतो तो त्याच्या विष्ठेतील प्रथिनांचा. तो पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून जगतो. म्हणूनच तारापूर, चिंचणी, सातपाटी, केळवे अशा किनाऱ्यालगतच्या दमट गावांत तो सुखाने नांदतो, आणि पावसाळ्यात तर अधिकच.

व्हॅक्यूम क्लीनर वरवरची धूळ आणि विष्ठा ओढतो, पण गादीच्या आत चिकटून बसलेले जिवंत किडे फारसे निघत नाहीत. धूळकिडे कमी करण्याच्या उपायांवरील 54 चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेने 2008 मध्ये आढावा घेतला. त्यात अशा उपायांनी दम्यात ठोस फरक पडल्याचे दिसले नाही. मग घ्यायचाच नाही का? तसे नाही. झाडूने उडणारी धूळ टाळणे हा त्याचा खरा उपयोग आहे, आणि ज्यांना धूळ उडताच शिंका सुरू होतात त्यांच्यासाठी तो लहान नाही.

वॉट नव्हे, मागची हवा पाहा

दुकानात पहिला आकडा वॉटचा सांगतात. वॉट म्हणजे यंत्र वीज किती खाते, ओढते किती ते नव्हे. युरोपीय संघाने 2017 पासून घरगुती यंत्रांवर 900 वॉटची मर्यादा घातली, तरी तिथली घरे स्वच्छ होतातच.

दम्याच्या रुग्णासाठी महत्त्वाचे हे, की आत ओढलेली हवा मागून बाहेर पडते. फिल्टर साधा असेल तर मोठा कचरा आत राहतो आणि बारीक धूळ खोलीभर फवारली जाते. फरशी चकाचक दिसते, छाती मात्र भरते. खरा हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे किमान 99.95 टक्के कण अडवतो (अमेरिकी निकषानुसार 99.97). केसाची जाडी साधारण 70 मायक्रॉन असते, यावरून अंदाज येईल. डब्यावर नुसते "हेपा टाइप" किंवा "हेपासारखा" लिहिले असेल तर तो हेपा समजू नका. शिवाय फिल्टर उत्तम पण झाकणाच्या फटीतून हवा सुटते, असेही होते. यंत्र चालू करून सांध्यांवर हात फिरवून पाहा.

कोणता प्रकार कोणासाठी?

पिशवीचा कॅनिस्टर, म्हणजे चाकांवरचा डबा आणि लांब नळी. ॲलर्जीच्या रुग्णासाठी माझी पहिली पसंती यालाच. वापरून फेकायची कागदी किंवा कापडी पिशवी भरली की तोंड बंद करून टाकून देता येते. पिशव्यांचा खर्च चालू राहतो, आणि बोईसर-पालघरच्या दुकानांत त्या मिळतात का हे आधी विचारून घ्या.

बिनपिशवीच्या यंत्रात हवा गरगर फिरवून धूळ पारदर्शक डब्यात पाडली जाते. पिशव्यांचा खर्च वाचतो. पण डबा रिकामा करताना सगळी धूळ पुन्हा तोंडावर येते. तो घराबाहेर, मास्क लावून आणि रुग्णाऐवजी दुसऱ्याने रिकामा करावा. यातले धुता येणारे फिल्टर ही आपल्याकडची खास अडचण. जुलैत धुतलेला फिल्टर दिवसभरातही वाळत नाही, आणि ओलाच बसवला तर त्यावर बुरशी धरते. मग यंत्र तीच बुरशी घरभर पसरवते. कुबट वास आला की फिल्टर बदला.

ओल्या-सुक्या दोन्ही कचऱ्याचा, म्हणजे वेट-ॲण्ड-ड्राय. खिडकीतून आलेले पावसाचे पाणी ओढायला छान. मात्र बऱ्याच साध्या मॉडेलमध्ये फिल्टर जाड असतो, आणि टाकीत पाणी राहिले तर दुसऱ्या दिवशी दुर्गंधी. फक्त सुक्या कचऱ्याच्या यंत्राने पाणी कधीही ओढू नका. विजेचा धक्का बसू शकतो.

पाण्याच्या फिल्टरची यंत्रे घरी येऊन विकली जातात, काहींची किंमत लाखाच्या वर जाते. गढूळ पाणी दाखवले की माणूस हरखतो. अतिबारीक धूळ मात्र बुडबुड्यांमधून निसटते, म्हणून त्यांनाही मागे हेपा लागतोच. दम्यासाठी म्हणून कर्ज काढून ते घेऊ नका.

उभा बिनवायरचा स्टिक लहान फ्लॅटला सोयीचा. हातातला छोटा गादीच्या शिवणींना आणि गाडीला पुरतो. त्यातला निळा दिवा गादीच्या आत पोहोचत नाही. रोबोट पलंगाखालची धूळ रोज काढतो, गादीला त्याचा उपयोग नाही.

जमीन शेणाने सारवलेली असेल तर यातले काहीच घेऊ नका. पाणी शिंपडून हलक्या हाताने झाडा, आणि चुलीचा धूर आधी कमी करा. त्या घरात दम्याला धुळीपेक्षा तोच जास्त भोवतो.

तारापूरचा वास आणि कामाचे कपडे

रासायनिक वासावर यंत्र चालेल का, असे एमआयडीसीजवळचे रुग्ण विचारतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मूल्यमापनात तारापूरचा प्रदूषण निर्देशांक देशातील औद्योगिक क्षेत्रांत सर्वाधिक होता, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण हेपा कण अडवतो, वायू नाही. वास येत असेल तेव्हा खिडक्या लावून घ्या आणि साफसफाई नंतर करा.

कारखान्यातून आलेले कपडे घरच्या व्हॅक्यूमने साफ करू नका, झटकूही नका. दाराशीच बदलून वेगळे धुवा.

वापरताना

यंत्र फिरताना थोडी धूळ उडतेच. रुग्णाने खोलीबाहेर थांबावे आणि नंतर अर्धा तास आत जाऊ नये. एकट्यालाच करावे लागत असेल तर एन-95 मास्क लावा. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा 60 अंशांच्या पाण्यात धुतले तर किडे मरतात; हे काम यंत्रापेक्षा जास्त उपयोगी आणि स्वस्त. कापसाची गादी कडक उन्हात घाला, बाहेरच झटका आणि मग यंत्र फिरवा.

तीन गोष्टी ओढायच्या नाहीत. फुटलेल्या थर्मामीटरचा पारा, कारण त्याची वाफ खोलीभर होते. गरम राख किंवा धुमसती उदबत्ती. आणि गॅलरीतली कबुतरांची वाळलेली विष्ठा. ती आधी पाण्याने भिजवून, मास्क लावून पुसून काढा, कारण तिची धूळ काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा करते.

तात्पुरता आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल किंवा खोकल्याने रात्री जाग येत असेल, तर यंत्राची चौकशी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर पंप देत त्याच क्षणी रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा.