सोमवारचे केस

हार्लेममधल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या स्वयंपाकघरात तुम्ही उभे आहात. २८ जानेवारी १९६२, रविवार सकाळ. बाहेर न्यूयॉर्कची थंडी मी म्हणतेय. आत गॅस पेटलाय, पण त्यावर भांडं नाही. लाकडी मुठीची, लोखंडी दातांची फणी तापत ठेवलीय. शेजारी स्टुलावर आठ-नऊ वर्षांची मुलगी मान खाली घालून बसलीय. तासाभरात चर्चला निघायचंय.

आई फणी उचलते आणि आधी कागदाच्या कपट्यावर टेकवून बघते. कागद करपतो, म्हणजे जरा जास्तच तापलीय. हवेत हलवून ती फणी निववते, केसांची एक बट वेगळी काढते, तिला बोटानं पोमेड चोपडते आणि मुळापासून टोकापर्यंत फणी ओढते. चर्र. जळक्या केसांचा वास थेट तुमच्या नाकात. ‘कान धर,’ आई म्हणते, आणि पोरगी कानाची पाळी दुमडून धरते. मानेवरचे बारीक, गुंतलेले केस शेवटी राहतात. तिथं चटका बसायची भीती सगळ्यात जास्त, म्हणून आईचा हात तिकडे वळला की लेक अंग चोरते. एवढा खटाटोप टिकणार किती? घाम आला, पावसाचे चार थेंब पडले, की केस पुन्हा मूळपदावर.

तुम्हाला आईचा राग येतो. थोडं थांबा. लेक कुरूप आहे असं तिला वाटत नाही. पण उद्या सोमवार. पोरीला शाळेत जायचंय, आईला कामावर, आणि दोघींनी टापटीप दिसायला हवं. टापटीप कशाला म्हणायचं, ते मात्र या घरात ठरलेलं नाही. बाहेर कुणी नावं ठेवू नयेत म्हणून ही बाई घरातच चटके देतेय, आणि मायेनं देतेय. सगळा गुंता तिथंच आहे.

मग तिची नजर तुमच्या काळ्याभोर, सरळ केसांवर जाते. ‘गुड हेअर,’ ती म्हणते, अगदी मनापासून. काही न करता मिळालेलं हे कौतुक कुठं ठेवावं ते तुम्हाला कळत नाही.

या फणीमागे मोठा धंदा उभा आहे. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव मॅडम सी. जे. वॉकर. मूळची सारा ब्रीडलव्ह, जन्म १८६७, लुइझियाना. आईबाप गुलामीतून नुकतेच सुटलेले. ती लोकांची धुणी धुवायची. केस गळू लागले, त्यावर उपाय शोधता शोधता ती उद्योजिका झाली, आणि हजारो कृष्णवर्णीय बायकांना एजंट करून तिनं स्वतःची कमाई मिळवून दिली. केस सरळ करून देणारी म्हटलेलं तिला खपत नसे. आपण केसांची निगा राखतो, असं तिचं म्हणणं. तिला बोल लावणं सोपं आहे. तिच्यामुळे कितीजणींचं धुणं सुटलं, तेही हिशेबात धरा.

आता संध्याकाळ. पूर्व १२५व्या रस्त्यावर ‘पर्पल मॅनर’ या क्लबच्या दाराशी ही गर्दी. आत कार्यक्रम आहे ‘नॅचरली ’६२’. चोविशीतला क्वामे ब्रॅथवेट, त्याचा भाऊ एलोम्बे आणि त्यांच्या जॅझवेड्या मित्रांनी तो घडवून आणलाय. कार्लोस कुक्स या कृष्णवर्णीय राष्ट्रवादी नेत्याच्या संघटनेच्या सौंदर्यस्पर्धेत केस सरळ न केलेल्या मुली त्यांनी पाहिल्या होत्या, कल्पना तिथली. रंगमंचावर येणाऱ्या ‘ग्रँडासा मॉडेल्स’ पेशानं मॉडेल नाहीत, याच वस्तीतल्या मुली आहेत. सावळ्या, काळ्या, भरल्या अंगाच्या, आफ्रिकी धाटणीच्या कपड्यांत. आणि केस? फणीचा चटका न लागलेले, डोक्याभोवती दाट उभे. गायिका ॲबी लिंकन आणि ड्रमवादक मॅक्स रोच दोघेही सामील आहेत. जॅझ क्लबांच्या अंधुक उजेडात हात बसलेला क्वामे फोटो काढत सुटलाय. गर्दी इतकी, की त्याच रात्री दुसरा खेळ लावावा लागतो. ‘ब्लॅक इज ब्यूटिफुल’ ही घोषणा पुढे जगभर गेली, तिला रूप देणाऱ्या रात्रींपैकी ही एक.

तुम्हीही टाळ्या वाजवता. पण उद्याचा सोमवार या मुलींनाही चुकलेला नाही.

तो सोमवार कसा असतो, ते पाहायला १९८१ मध्ये या. शहर तेच, फेडरल कोर्ट. अमेरिकन एअरलाइन्समध्ये अकरा वर्षं नोकरी केलेल्या रेने रॉजर्स डोक्यालगत घट्ट गुंफलेल्या बारीक वेण्या घालून कामावर जातात, आणि कंपनीच्या नियमात ते बसत नाही, म्हणून प्रकरण कोर्टात आलंय. न्यायाधीश अब्राहम सोफेर, जन्म मुंबईचा. अफ्रोची, म्हणजे तशाच उभ्या ठेवलेल्या केसांची, गोष्ट कदाचित वेगळी असती, ते म्हणतात. वेण्या म्हणजे केलेली रचना, ती बदलता येते. वर कंपनीचा युक्तिवाद असा, की ही फॅशन ‘टेन’ या सिनेमातल्या गोऱ्या नटीनं लोकप्रिय केली! वेण्यांचा अंबाडा घालून वर गंगावन गुंडाळा, अशी सवलत कंपनीनं दिली होती. त्यानं डोकं भयंकर दुखतं, अशी बाईंची तक्रार. मग जरा मोठं गंगावन घ्यावं, असं निकालपत्र सुचवतं. हे मी विनोदानं लिहीत नाहीये.

गंगावनाचाच विषय निघालाय, तर आजच्या हार्लेममधल्या एखाद्या दुकानातही डोकावून घ्या. भिंतभर केसांची पाकिटं, त्यांतल्या कितींवर ‘इंडियन’ असा शिक्का. तिरुमलाला नवस फेडताना उतरवलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करतं आणि ते परदेशी जातात. स्वयंपाकघरातलं ते ‘गुड हेअर’ इथं रोख पैसे मोजून मिळतं.

२०१९ मध्ये कॅलिफोर्नियानं ‘क्राउन’ कायदा केला: केसांचा पोत किंवा वेण्या, लॉक्स (जटांसारखे वळलेले केस) अशा रचनांवरून शाळेत वा नोकरीत भेदभाव करायचा नाही. टेक्ससमध्ये तसाच कायदा १ सप्टेंबर २०२३ ला लागू झाला. त्याच्या आदल्याच दिवशी तिथल्या एका शाळेनं एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्यावर त्याच्या लॉक्सवरून कारवाई सुरू केली होती. आमचा आक्षेप रचनेला नाही, लांबीला आहे, असं शाळेचं म्हणणं. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधीशांनी ते मान्य केलं. मुलगा लॉक्स डोक्यावर बांधून शाळेत यायचा. सोडले तर ते भुवयांच्या खाली येतील, एवढ्यावर त्याला महिनोन्‌महिने वर्गाबाहेर ठेवलं.