टाकणखार, मध आणि जांभळं औषध

तान्ह्या बाळाचं तोंड आलं, जिभेवर पांढरा थर धरला, की शिरूर-दौंडच्या पट्ट्यात, घाटावर इतरत्र करत तसंच, तव्यावर लाही केलेला टाकणखार मधात खलून बोटाने लावत. सोनार दागिन्यांचे जोड सांधायला वापरतो तोच हा खार. आरोग्याच्या इतिहासात असे उपाय सहसा अडाणीपणाच्या खात्यात जमा होतात. पण घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्या, छावणीतल्या किंवा दौंडच्या रेल्वे दवाखान्यातल्या डॉक्टरने प्रमाण मानला असता त्या ब्रिटिश फार्माकोपियातही टाकणखार-मधाचं मिश्रण होतं, आणि तेही याच दुखण्यावर वापरलं जाई. हा थर बुरशीचा असतो हे युरोपातल्या डॉक्टरांना 1840च्या दशकातच दिसलं होतं. तरी पुढची कित्येक दशकं दवाखान्यातही औषध आजीचंच राहिलं. म्हणजे घर विरुद्ध दवाखाना अशी मांडणी इथे टिकत नाही. दोघांत फरक पडला तो नंतर, आणि तो औषधाचा नव्हता, अपाय मोजण्याचा होता.

टाकणखार लहानग्या शरीरात साचतो. टाकणखार-मधात बुडवलेल्या चोखणीमुळे बाळांना झटके आल्याच्या नोंदी ब्रिटनमध्ये 1980च्या दशकात छापल्या गेल्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम ही जिवाणूंची विषबाधा होऊ शकते हे 1976 नंतर अमेरिकेत उलगडलं. यावर कोणी म्हणेल, पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव काय खोटा होता? खोटा नव्हता, अपुरा होता. धडधाकट बाळाचं तोंड बऱ्याचदा आपोआप बरं होतं, मग श्रेय जे लावलं त्याला जातं. आणि हजारात एखाद्याला झटका आला तर दोष दृष्टीला, बाहेरच्या वाऱ्याला. एका घराच्या अनुभवात विरळा अपाय दिसूच शकत नाही. त्यासाठी पुष्कळ घरांची नोंद एकत्र लागते.

अशी नोंद ठेवणारी व्यवस्था याच भागात उभी राहिली, हे विशेष. डॉ. बानू कोयाजींच्या पुढाकाराने पुण्याच्या केईएम रुग्णालयाने 1970च्या दशकात वढू बुद्रुक परिसरात ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं, गावातल्याच माणसांना आरोग्यसेवक केलं. 2002पासून तिथे 22 गावांतले जन्म-मृत्यू घरोघरी नोंदले जाऊ लागले. अशा कामात घर हद्दपार होत नाही. सरकारी नवजात-बालआजार कार्यक्रमानेही तोंडातल्या बुरशीसाठी जेन्शियन व्हायलेट, म्हणजे जांभळं औषध, निम्म्या ताकदीचं करून आईच्याच हाती दिलं. बदललं ते एवढंच, की प्रमाण ठरलं आणि पुन्हा येऊन तोंड पाहणारं कोणी तरी आलं. ते जांभळं औषधही मुळात कापडाचा रंग. 2019मध्ये कॅनडाने त्याच्या कर्करोगाशी असलेल्या संभाव्य संबंधाबद्दल इशारा दिला. आज डॉक्टर बहुधा निस्टॅटिनचे थेंब किंवा क्लोट्रिमॅझोल देतात. आजीच्या औषधाला जी कसोटी लावली तीच दवाखान्याच्या औषधालाही लावली गेली, हे बरं झालं.

घरगुती उपचारातला एक भाग मात्र या कसोटीत कधीच नापास झाला नाही: जुन्या धोतराचे मऊ लंगोट, भिजले की बदलणं आणि कडक उन्हात वाळवणं. तोंडातली हीच बुरशी मांड्यांच्या घड्यांतही वाढते, ती ओल मागते, आणि शिरूर-दौंड तर पर्जन्यछायेत. पावसाचे थोडे दिवस सोडले तर कपडा तासाभरात खडखडीत. अर्थात हा उपाय फुकटचा वाटतो तेवढा नाही. त्याला पाणी लागतं, दोरी लागते आणि बाळाजवळ थांबायला आईला वेळ लागतो. भीमाकाठच्या उसाच्या फडात पहाटेपासून कोयता चालवणाऱ्या बाईकडे यातलं ऊन तेवढं असतं.