मागणीपत्र (कामगार संघटना)

मागणीपत्र, अर्थात मागण्यांची सनद, म्हणजे वेतन, भत्ते व सेवाशर्ती यांविषयी कामगार संघटनेने मालकास सादर केलेला लेखी मसुदा होय. सामूहिक वाटाघाटींचा प्रारंभ सामान्यतः या दस्तऐवजाने होतो. रायगड जिल्ह्यात रोहा तालुक्यातील धाटाव व नागोठणे, तसेच पेण तालुक्यातील डोलवी येथे रसायन, पेट्रोरसायन व पोलाद उद्योग आहेत.

सभासदांचा सहभाग

चालू कराराची मुदत संपत आली की संघटना खातेनिहाय सूचना मागवते. वेतनवाढीची मागणी कोणताही पदाधिकारी लिहू शकतो. परंतु कोणत्या पाळीत माणसे कमी पडतात, कोणती संरक्षक साधने निकामी झाली आहेत, हे प्रत्यक्ष संयंत्रावर काम करणाऱ्यालाच ठाऊक असते. रसायन कारखान्यांत अशा मागण्यांचे मोल विशेष आहे. द्वारसभांत चर्चा झालेला मसुदा सर्वसाधारण सभेत संमत होऊन वाटाघाटी समितीकडे जातो.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्र कामगार संघटनांना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियम, १९७१ नुसार मान्यतेसाठी अर्जापूर्वीचे सहा महिने किमान ३० टक्के कर्मचारी सभासद असणे आवश्यक ठरविले गेले. मान्यताप्राप्त संघटनेला कारखान्याच्या आवारात सूचनाफलक लावण्याचा व सभासदांशी चर्चा करण्याचा अधिकार मिळाला. संपाच्या नोटिशीपूर्वी मात्र सभासदांच्या बहुमताची अट आहे. मागणीपत्राच्या मसुद्यावर मतदान घेण्याची सक्ती या कायद्यात नाही. तो भाग संघटनेच्या घटनेवर व प्रथेवर सोपविलेला आहे. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये, अनेक संघटना असल्यास, एकमेव वाटाघाटी संघटना ठरण्यासाठी ५१ टक्के पाठिंब्याची अट आहे.

मुंबईतील पूर्वानुभव

१९२८ च्या मुंबईतील गिरणी संपात संयुक्त संप समितीने १७ मागण्या मांडल्या. वेतनकपात व एका कामगारावर अधिक यंत्रे सोपविणारी नवी पद्धत हे वादाचे मुख्य विषय होते. गिरणी कामगार युनियनच्या गिरणी समित्यांमुळे सामान्य कामगारांचे म्हणणे नेतृत्वापर्यंत पोहोचत असे.

याच्या उलट चित्र १९८२ मध्ये दिसले. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ अन्वये राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही एकमेव प्रातिनिधिक संघटना होती. तिच्यावरील विश्वास उडालेले कामगार दत्ता सामंत यांच्याकडे गेले आणि १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर होते; पण त्यांनी निवडलेल्या नेत्याला कायद्याने वाटाघाटीचा अधिकार नव्हता. संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्यांत कोकणातील कामगार मोठ्या संख्येने असल्याने त्याची झळ तेथील गावांनाही बसली.

मर्यादा

१९७१ च्या अधिनियमातील मान्यतेची तरतूद ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या उपक्रमांपुरतीच आहे. पेण, हमरापूर व जोहे येथील गणेशमूर्तींच्या बहुतेक कार्यशाळा लहान वा कौटुंबिक आणि काम हंगामी असल्याने तेथील कारागिरांचे मोबदले कार्यशाळेगणिक तोंडी ठरतात. मोठ्या कारखान्यांतील कंत्राटी कामगारही अनेकदा संघटनेचे सभासद नसतात. त्यांना कायम करण्याची मागणी पत्रात आली तरी तिचा मसुदा इतरांनीच केलेला असतो.