मृत्युपत्राविना मागे राहिलेले

घरचे माणूस जाते, दफनविधी होतो, महिन्याची मिस्सा होते आणि मग कागदांचे दिवस सुरू होतात. मृत्यूचा दाखला, बँकेचे खाते, तलाठ्याकडील वारसनोंद हे सारे कोणाला तरी पाहावेच लागते. गेलेल्याने मृत्युपत्र केले नसेल तर त्याच्या मिळकतीवर कोणाची नावे लागावीत, याचा नियम आज आपल्यापाशी आहे. तो नव्हता, तेव्हा काय घडत होते, हे पाहण्यासाठी आपल्याला बेल्लारीस जावे लागेल.

बेल्लारी तेव्हा मद्रास इलाख्यात होते. तेथील मॅथ्यू अब्राहम हे व्यापारी १८४२ साली मृत्युपत्र न करताच वारले. त्यांचे पूर्वज मूळचे हिंदू, घराणे पुढे ख्रिस्ती झालेले. मागे पत्नी शार्लट व दोन मुलगे राहिले. कालांतराने मॅथ्यू यांचे बंधू फ्रान्सिस यांनी हक्क सांगितला, की आपण दोघे हिंदू एकत्र कुटुंबातील भावांप्रमाणे होतो, म्हणून मिळकतीत आपलाही वाटा आहे. अशा कुटुंबास वारशाचा कोणता कायदा लावावा, हे तेव्हा निश्चित नव्हते. तंटा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. धर्मांतराने एकत्र कुटुंबाचे बंधन संपते आणि जुना वारसाकायदा पाळावा की सोडावा, हे त्या व्यक्तीच्या इच्छेवर व आचरणावर अवलंबून राहते, असा निर्णय १८६३ साली झाला. एकत्र कुटुंबाचा दावा अमान्य ठरला. तोवर शार्लटच्या वैधव्यास एकवीस वर्षे झाली होती.

प्रत्येक घराच्या आचरणाची अशी चौकशी करीत बसणे कठीणच होते. १८६५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा १ जानेवारी १८६६ पासून अमलात आला व आपल्याकडील ख्रिस्ती समाजास लागू झाला. पत्नी व मुले मागे असतील तर पत्नीस एकतृतीयांश आणि उरलेले सर्व मुलांना सारखे, अशी त्याची विभागणी होती. मुलगा व मुलगी असा भेद तेथे नव्हता. ज्या इंग्लंडमध्ये हा मसुदा सिद्ध झाला, तेथे मृत्युपत्राविना राहिलेली जमीन त्या काळी सामान्यतः ज्येष्ठ पुत्रास जात असे! १९२५ च्या कायद्यातही आपली ही विभागणी कायम राहिली.

सर्वच ख्रिस्ती भगिनींना मात्र हा लाभ मिळाला नाही. त्रावणकोर संस्थानाच्या १९१६ च्या कायद्याने मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतील जे कमी असेल ते देऊ केले होते. मेरी रॉय यांनी त्यास आव्हान दिले. त्रावणकोरच्या ख्रिस्ती समाजास १ एप्रिल १९५१ पासूनच भारतीय उत्तराधिकार कायदा लागू झाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली ठरविले.

आमच्या वसईच्या लेकींना न्यायालयात न जाता जे मिळाले, ते केरळच्या लेकीला झगडून मिळवावे लागले. तरीही आमच्याकडे बाप गेल्यावर बहिणींसमोर हक्कसोडपत्र ठेवले जाते. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. कित्येकदा वाचून न दाखवताच सही घेतली जाते. कायद्याने दिलेला समान वाटा असा घरातल्या घरात नाहीसा होतो आणि त्याची कोठे वाच्यताही होत नाही.

समजून-उमजून, स्वखुशीने वाटा सोडणे हा बहिणीचा अधिकार आहे. पण सोडण्यापूर्वी तो तिचा होता, हे तिला सांगणे भावाचे कर्तव्य आहे. वडिलधाऱ्यांनीही हयातीतच मृत्युपत्र करावे, दोन साक्षीदारांसमोर त्यावर सही करावी व ते कोठे ठेवले आहे हे घरात सांगून ठेवावे. शार्लटसारखी एकवीस वर्षे कोणाच्या वाट्यास येऊ नयेत, एवढे तरी आपल्या हाती आहे.